भूर

तुमचं वजन सध्या सात किलो आहे. बसवलं तर बसता, पण पाठीशी लोड लागतो. तो जरा सरकला की धान्याची पिशवी कलंडावी तसं एका अंगावर कलंडता. तारीख १४ जानेवारी १९६१, शनिवार, संक्रांत. पुण्यात शनिवार पेठेत, ओंकारेश्वराच्या बाजूला, नदीकडे उतरत जाणाऱ्या एका बोळातला वाडा. आज तुम्हाला सहा महिने पूर्ण झाले.

यापुढच्या सहा महिन्यांतलं तुम्हाला काहीही आठवत नाही. माणसाला आयुष्यातलं पहिलं जे आठवतं ते साधारण तिसऱ्या-चौथ्या वर्षानंतरचं. त्याआधीच्या गोष्टी पुढे शोधता येतील अशा रीतीने साठवण्याइतका मेंदू तेव्हा तयार झालेला नसतो. म्हणजे बसायला, रांगायला, माणसं ओळखायला, भ्यायला आणि रुसायला जिथे शिकलात, ते घर तुम्ही कधी पाहिलंच नाही असं तुम्हाला वाटतं. म्हणून परत जायचं.

काळ्या कापडाचं झबलं, गळ्यात हलव्याची माळ, मनगटात हलव्याच्याच बांगड्या. हलव्याचे काटे हनुवटीखाली टोचतायत. आईने पाटावर मांडीत धरलंय, आणि आजी वाटीने तुमच्या डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे तुकडे, हरभऱ्याचे घाटे ओतते आहे. वाड्यातली सगळी पोरं तुमच्याभोवती झडप घालतात. तुम्ही रडत नाही. इतके हात, इतका कल्ला, आणि तुम्ही सगळ्यांकडे बघून तोंडभर हसता. आजच्या तारखेला तुम्हाला कुणीही घ्यावं, कुणीही खेळवावं.

एक चुरमुरा मांडीवर पडलाय. तुम्ही तो बराच वेळ बघता, मग सगळा पंजा त्यावर आपटता. चुरमुरा ओल्या तळव्याला चिकटतो, गळून पडतो. पुन्हा आपटता. चारी बोटं खुरप्यासारखी मिळून ओढतात, अंगठा अजून कामाला लागलेला नाही. मग शेजारचं बोर हाताला लागतं, कारण ते मोठं आहे, आणि ते थेट तोंडाकडे निघतं. आई ते वाटेतच काढून घेते. फार बरं केलं. बोराची बी, शेंगदाणा, फुटाणा या वयात श्वासनलिकेत अडकतो, आणि बोरन्हाणाच्या गडबडीत कुणाचं लक्ष नसतं. आजही ज्यांच्या घरी हा सोहळा होतो त्यांनी बोरं आणि शेंगा थोरल्या पोरांच्याच वाट्याला जातील एवढं बघावं.

दुपारी उष्टावण. मुंबईहून आलेल्या मामाच्या मांडीवर तुम्ही, आणि त्याच्या हातात चांदीची वाटी. पहिला घास जिभेने बाहेर ढकलता. खीर आवडली नाही असं नव्हे. कालपर्यंत दुधाखेरीज जे काही तोंडात येईल ते बाहेर लोटायचं हाच जिभेचा नेम होता, आणि तो नेम आत्ता कुठे सैल पडतोय. दुसरा घास निम्मा गळ्याखाली उतरतो. पोटात असताना आईकडून जमवलेला लोहाचा साठा आता संपत आलाय, आणि अंगावरच्या दुधात लोह अगदी थोडं असतं. म्हणून आजपासून दुधाच्या जोडीला मऊ भात, मुगाच्या डाळीचं कढण, नाचणीचं सत्त्व. जागतिक आरोग्य संघटनाही वरचं अन्न सहा महिन्यांनंतरच सुरू करायला सांगते. आपल्या उष्टावणाचा महिना आणि तिचा सल्ला असे एकमेकांना येऊन भेटतात, याचा मला मनापासून आनंद होतो.

आजीचं सगळंच मात्र उचलून धरता येत नाही. सहाणेवर उगाळलेल्या गुटीत ती बोटभर मध घालते. वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नये. त्यातल्या जिवाणूंचे बीज बाळाच्या आतड्यात रुजून स्नायू लुळे पाडणारं विष तयार करू शकतात. १९६१च्या त्या माजघरात हे कुणाला माहीत नाही. ती मायेने देते, आणि तुम्ही तिचं बोट चोखता. टाळूवर तेल थापताना तिची बोटं एका जागी हलकी होतात, जिथे हाड अजून भरलेलं नाही आणि खाली ठोका लागतो. ती जागा पुरती भरायला वर्ष उलटून काही महिने जातील. आतला मेंदू इतक्या वेगाने वाढतोय की त्याला कवटीत जागा हवी.

मार्च. पाडवा होऊन गेलाय. आता लोड लागत नाही. बसून दोन्ही हात मोकळे राहतात, म्हणून खुळखुळा या हातातून त्या हातात जातो, आपटला जातो, चाटला जातो, फेकला जातो. खाली दोन दात आलेत.

काल रात्री डेक्कन क्वीनने मामा आला, तेव्हा तुम्ही झोपेत होता. सकाळी तो चष्मा पुसत माजघरात येतो आणि हात पसरतो. तुम्ही त्याच्याकडे बघता. बघतच राहता. खालचा ओठ पुढे येतो, थरथरतो, आणि असा टाहो फोडता की शेजारच्या काकू हातातलं लाटणं तसंच घेऊन दारात येतात.

“अगं, संक्रांतीला माझ्याच मांडीवर खीर खाल्ली की याने,” मामा खट्टू होऊन म्हणतो.

“काही नाही रे,” आजी म्हणते, “ओळखायला लागलंय ते आता.”

त्याच काळात रेने स्पिट्झ नावाचे मनोविश्लेषक या टाहोला आठव्या महिन्याची धास्ती म्हणत होते, आणि पुढे ते नाव पुस्तकांतून रूढ झालं. मला आजीचा शब्द जास्त खरा वाटतो. स्पिट्झ यांच्या नावात बाळाला काय होतं ते आहे, आजीच्या शब्दात बाळाला काय आलं ते आहे. जानेवारीत आई ओळखू येत होती, तरी बाकीची माणसं परकी नव्हती, म्हणून सगळ्यांकडे बघून हसू येत होतं. आता आईचा चेहरा, तिच्या मानेचा वास, तिची पावलं ही एका बाजूला आणि उरलेलं जग दुसऱ्या बाजूला, अशी वाटणी झाली. जवळचं ठरलं, म्हणून परकं दिसायला लागलं. या दिवसांत बाळाला बळेबळे पाहुण्याच्या हातात देऊ नये. आईच्या कडेवरून त्याला पाहुणा बघू द्यावा, हवा तितका वेळ. मामा शहाणा आहे. तो जमिनीवर बसून वर्तमानपत्र वाचायला लागतो, आणि अर्ध्या तासाने तुम्ही होऊन त्याच्या चष्म्याला हात घालता.

आई विहिरीवर गेली तरी आता तुम्ही रडता, न्हाणीचं दार लोटलं तरी रडता. काकू म्हणतात, लाडावलंय. लाडावलेलं नाही. ती दिसत नसली तरी कुठेतरी असते, हे तुम्हाला नुकतंच कळायला लागलंय. पण कुठे असते, आणि परत येते का, हे अजून कळलेलं नाही. या दोन समजुतींच्या मधल्या फटीत तुम्ही दिवसातून दहा वेळा पडता.

त्या फटीवर पूल बांधायचं काम आईचा पदर करतो. ती पदर तोंडावर घेते: “बुवाऽऽ…” तुमचा श्वास अडकतो. “कुक!” तुम्ही अंगभर हसता. पुन्हा. पुन्हा. स्वयंपाक तसाच राहतो आणि ती विसाव्यांदा पदराआड जाते. स्वित्झर्लंडमध्ये मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे यांनी आपल्या स्वतःच्या तीन मुलांसमोर वस्तू कापडाखाली लपवून वर्षानुवर्षं नोंदी केल्या होत्या, आणि वस्तू नजरेआड झाली तरी असते ही समज बाळ हळूहळू, पायरीपायरीने मिळवतं असं १९३७मध्ये पुस्तकातून मांडलं होतं. नंतरच्या अभ्यासकांनी दाखवलं की त्याची चाहूल बाळाला पियाजे समजत होते त्याहून लवकर लागलेली असते. हात मात्र सावकाश शिकतात. जानेवारीत आजीने खुळखुळ्यावर दुपटं टाकलं तर तुमचे हात तो शोधत नव्हते. एप्रिलमध्ये तुम्ही दुपटं ओढून काढता. तोच खुळखुळा तुमच्या डोळ्यांदेखत दुसऱ्या दुपट्याखाली ठेवला, तरी पहिल्याच दुपट्याखाली शोधता आणि तिथे नाही म्हणून चकित होता. ही चूक पियाजे यांनी टिपली होती. वाड्यात ती बघून सगळे फक्त हसतात.

एप्रिलमध्येच तुम्ही पोट उचललंत. त्याआधी काही दिवस सरपटणं, तेही उलटं. खेळण्याकडे जायचं म्हणून जोर लावायचा आणि मागे मागे जायचं. मग एक दिवस गुडघे पोटाखाली आले, जागच्या जागी झुललात, आणि सुटलात. आता वाडा तुमचा. सारवलेल्या जमिनीचा गारवा तळव्यांना, वाळ्यांचा आवाज मागून. उंबरठा हा डोंगर, आणि तो ओलांडला की ओसरीचा काठ, खाली चौकातली फरशी.

पहिल्या आठवड्यात त्या काठावरून तुम्ही सरळ खाली गेला असतात. आजीने पायाने अडवलं. महिन्याभराने तुम्हीच काठाशी थांबता. त्याच्या आदल्या वर्षी अमेरिकेत एलिनॉर गिब्सन आणि रिचर्ड वॉक यांनी अशाच एका काठाचा प्रयोग प्रसिद्ध केला होता. एका उंच टेबलावर जाड काच, अर्ध्या भागात काचेला लागून चौकटींचं कापड, उरलेल्या अर्ध्या भागात तेच कापड खूप खाली. साडेसहा ते चौदा महिन्यांची ३६ बाळं. मधल्या फळीवरून २७ जणांनी रांगायला सुरुवात केली, आणि त्यांतली तीनच त्या भासमान खोलीवर गेली, पलीकडून आया हाका मारत असूनही. पुढे अभ्यासकांच्या लक्षात आलं की हे भय रांगण्याबरोबर वाढतं. ज्यांना रांगून काही आठवडे झालेत ती बाळं काठाशी जास्त जपतात. तुम्ही ओसरीभर जे रांगलात, त्याचीच ही कमाई.

पण मला खरं सांगायचंय ते काठाशी थांबल्यानंतर तुम्ही काय करता ते. तुम्ही मान वळवून आईकडे बघता. तिच्या भुवया वर गेल्या की मागे सरकता. ती हसली की एक हात पुढे टाकता. १९८५मध्ये हाच प्रयोग पुन्हा झाला, या खेपेला काठ थोडाच खोल होता, बाळं वर्षाची होती, आणि आयांनी फक्त चेहरा करायचा होता. घाबरलेला चेहरा दिसलेल्या १७ बाळांपैकी एकही पलीकडे गेलं नाही. हसरा चेहरा दिसलेल्या १९ पैकी १४ गेली. काठ तोच. जग धोक्याचं की गमतीचं, हे या वयात आईच्या तोंडावरून वाचायचं असतं.

कानांचंही असंच काहीतरी चालू आहे. आजी ताट म्हणते, टाळ म्हणते, तीळ म्हणते, टिळा म्हणते. १९८४मध्ये जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी दाखवलं की हिंदीतल्या त आणि ट यांतला फरक इंग्रजी घरातल्या सहा-आठ महिन्यांच्या बाळांनाही ऐकू येतो, आणि वर्ष भरता भरता त्यांना तो ऐकू येईनासा होतो. त्यांच्या घरी तो कुणी वापरत नाही, म्हणून कान ते दार लावून घेतात. तुमच्या कानांनी त, ट, ल, ळ यांची दारं उघडी ठेवलीत, आणि ज्या आवाजांचा आजीशी काही संबंध नाही त्यांची लावून घ्यायला सुरुवात केलीय. एक शब्दही न बोलता तुम्ही मराठी होत चाललात.

मे. वाड्यात वर्षाचं धान्य भरलंय. चौकात पापड-कुरडया वाळतायत, ओसरीवर बायका तांदूळ निवडतायत, आणि तुम्ही कडेला बसून एका दाण्याकडे बघताय. तर्जनी पुढे येते, दाण्याला टोचते. मग अंगठा येतो, समोरून. दोन्हींच्या टोकांमध्ये तांदळाचा एक दाणा उचलला जातो, आणि डोळ्यांसमोर धरून तुम्ही तो न्याहाळता. संक्रांतीपासून हे अंतर चार महिन्यांचं आहे.

तीच तर्जनी आता दिव्याकडे जाते, कावळ्याकडे जाते, आणि आईही तिकडे बघतेय ना हे बघायला तुम्ही तिच्याकडे वळता. नुसतं हवंय म्हणून नाही. आहे, आणि तूही बघ म्हणून. बोलण्याची खरी सुरुवात मला या बोटात दिसते.

शब्दांपैकी मंमं कळतं, चिऊ कळते, दिवा कुठाय म्हटलं की मान वर जाते. पण सगळ्यांत आधी कळला तो भूर. संध्याकाळी बोळात बाबांच्या सायकलची घंटी वाजते. आजी खुंटीवरची कुंची काढते. “चला, भूऽऽर!” कुंची डोक्यावर चढते आणि तुमचे पाय आईच्या कडेवरच धावायला लागतात. बाबा तुम्हाला घेऊन घाटापर्यंत जातात. नदी, पायऱ्या, देवळाची घंटा, म्हशी. अजून तो शब्द म्हणता येत नाही, नुसता फुंकरीसारखा ‘भू’ निघतो, पण त्यात काय काय आहे ते तुम्हाला पुरतं ठाऊक आहे.

जूनमध्ये पाऊस. घाटावर जाणं बंद, पण पांगुळगाडा आला. लाकडाचा, तीन चाकांचा, दांडी धरून तुम्ही उभे राहता आणि तो पुढे ढकलत ओसरीभर फिरता. हा चांगला, कारण यात भार तुमच्याच पायांवर असतो. हल्ली बाळाला आत बसवून सोडतात ते चाकांचे गोल वॉकर मात्र घरात आणू नयेत; जिन्यावरून, पायरीवरून पडण्याचे इतके अपघात झाले की कॅनडाने २००४मध्ये त्यांवर बंदीच घातली.

१२ जुलै, बुधवार. पाऊस. बाबा सकाळी सायकल काढून लकडी पुलावरून डेक्कनला छापखान्यात गेलेत. तुम्ही पांगुळगाडा धरून उभे आहात, आणि वाड्याचं वागणं आज निराळं आहे. माणसं दारात येतात, बोलतात, पळतात. पानशेतचं मातीचं धरण पुरतं झालेलंही नव्हतं आणि त्यात पहिल्याच पावसाळ्याचं पाणी साठलं होतं. रात्रभर जवानांनी वाळूची पोती रचली, आणि सकाळी ते फुटलं. ते पाणी खालच्या खडकवासल्यात शिरलं, आणि मुठेतून पुण्याकडे येतंय. खडकवासल्याची १८७९ची भिंतही आजच फुटणार आहे. यातलं तुम्हाला काही कळत नाही. बोळाच्या खालच्या टोकाशी तपकिरी पाणी चकाकतं ते तुम्हाला दिसतं, आणि तुम्ही त्याच्याकडे बोट करता.

आजी खुंटीवरची कुंची काढते. तुमच्या डोक्यावर बांधते. गाठ नेहमीपेक्षा घट्ट. “चल रे सोन्या, भूर जायचं.”

तुमचे पाय धावायला लागतात.

मग तुम्ही आईच्या तोंडाकडे बघता, आणि पाय थांबतात. शब्द भूरचा आहे, कुंची भूरची आहे, चेहरा भूरचा नाही. असा चेहरा तुम्ही ओसरीच्या काठाशीही पाहिलेला नाही. तिने तुम्हाला इतकं आवळून धरलंय की झबल्यातून तिच्या छातीचे ठोके लागतात. पाणी तिच्या पोटऱ्यांपर्यंत आलं, गुडघ्यांपर्यंत आलं, त्याचं तुम्हाला भय नाही. म्हशी, पायऱ्या आणि संध्याकाळ एवढीच पाण्याची ओळख. तुम्ही रडता ते तिच्या चेहऱ्याला घाबरून. लक्ष्मी रस्त्याच्या चढाला लागल्यावर ती एकदा थांबते, मागे बघते, आणि मग तुमच्याकडे बघून हसायचा प्रयत्न करते. तो तुम्हाला पुरतो. तुम्ही तिच्या खांद्यावर झोपी जाता. बाळाला जेव्हा सगळंच फार होतं, तेव्हा ते असं अचानक झोपेत शिरतं.

शुक्रवार पेठेतल्या एका शाळेचा वर्ग. बाकं कडेला लावलीत, जमिनीवर माणसं. रात्री जाग येते तेव्हा दिवे नाहीत. सवयीने वर बघता: पाळण्यावर टांगलेल्या चिमण्या नाहीत. हात लांब करता, पाळण्याची कड नाही. वस्तू नजरेआड झाली तरी असते, हे शिकून तुम्हाला जेमतेम तीन महिने झालेत, म्हणून तुम्ही मान वळवून वळवून त्यांना शोधता. आई तुम्हाला अंगावर घेते. शहराचे नळ बंद आहेत, विहिरी गाळाने भरल्यात, पाणी कुठलं प्यावं हे कुणाला कळत नाही. या आठवड्यात पुण्यात बाळासाठी सगळ्यांत निर्धोक जे काही आहे ते आईपाशी आहे. सहा महिन्यांनंतर वरचं अन्न सुरू झालं तरी अंगावरचं दूध तोडू नये, असं डॉक्टर परोपरीने का सांगतात, ते अशा रात्री कळतं.

१३ तारखेची संध्याकाळ. पूल पाण्याखाली गेले म्हणून नदीपलीकडे अडकलेली माणसं आता एकेका शाळेत आपली माणसं शोधतायत. उद्या तुम्हाला वर्ष पूर्ण होईल, ते कुणाच्या लक्षात नाही. बाक धरून तुम्ही उभे आहात. दारात एक माणूस येऊन थांबतो. गुडघ्यापर्यंत चिखल, दाढीचे खुंट, कपाळापासून गालापर्यंत वाळलेला गाळ. तो तुमच्याकडे बघतो आणि हात पसरतो.

खालचा ओठ पुढे येतो.

तुम्ही मान वळवून आईकडे बघता. ती रडते आहे. ती हसते आहे. दोन्ही एकाच तोंडावर असू शकतं हे तुम्ही आज पहिल्यांदा पाहताय, म्हणून काय करावं ते ठरत नाही, आणि ओठ तसाच अर्ध्यावर थांबतो.

“बाळ्या,” तो माणूस म्हणतो.

आवाज ओळखीचा आहे. तुम्ही त्याच्या मागे, दाराबाहेर बघता. सायकल नाही. पुन्हा त्याच्याकडे बघता, आणि ओठ मिटून ‘भू’ अशी फुंकर मारता.

बाबा तुम्हाला उचलून घेतात. त्यांच्या गालावरचा गाळ भेगाळलाय. तर्जनी पुढे येते, समोरून अंगठा येतो, आणि तुम्ही त्याचा एक पोपडा अलगद सोलून काढता, डोळ्यांसमोर धरता, आणि तोंडाकडे नेता. आई तुमचा हात वाटेतच धरते.